खजूर रोडवरचं घर

(दृश्य : गल्ली, जुनं घर, दारावरचा नंबर)

दिल्ली, करोलबाग. १६/३३०, खजूर रोड. १९९७ पासून कितीतरी वर्षं ‘इंडियन ओशन’ या बँडची तालीम इथे चालायची. स्टुडिओचं भाडं नाही, घड्याळाकडे बघणारं कुणी नाही. एकेका गाण्याला महिनोन् महिने देण्याची चैन यांना परवडली, ती या घरामुळे.

बँड मात्र घरापेक्षा जुना. सुस्मित सेन यांची गिटार आणि असीम चक्रवर्ती यांचा तबला यांची गाठ १९८४ मध्ये पडली; ‘इंडियन ओशन’ उभा राहिला १९९० मध्ये. पहिली कॅसेट १९९३ ची, एचएमव्हीची.

(दृश्य : जुनं चित्रीकरण, असीम यांचे हात)

हे हात बघा. डावं मनगट डग्ग्यावर सरकतंय, घुमारा वर-खाली होतोय. उजव्या हाताची बोटं चाटीवर, तबल्याच्या कडेवर. आणि त्याच वेळी समोरच्या माइकवर गाणंही तेच गातायत! आपल्याकडे तबलजीने गायकाला साथ करायची असते. इथे दोघं एकच.

बेसवर राहुल राम. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आले आणि नर्मदा बचाव आंदोलनात काम करू लागले. ‘मा रेवा’ हे गाणं त्या खोऱ्यातलं. १९९४ मध्ये ड्रमवर अमित किलाम आले.

(दृश्य : अमित, गबगुबी)

अमित यांच्या काखेत आहे ती गबगुबी, बंगालच्या बाउल लोकगायकांचं वाद्य. लाकडी भांड्याला खाली चामडं, चामड्यातून निघालेली तार दुसऱ्या हाताच्या मुठीत. मूठ ताणली की सूर चढतो, सैल सोडली की गडगडत खाली येतो. रॉकच्या मंचावर हे वाद्य शोभेला ठेवलेलं नाही, अख्खी गाणी त्यावर पेललीत.

(दृश्य : मैफल, ‘कंदिसा’)

२००० चा अल्बम, ‘कंदिसा’. शीर्षकगीत म्हणजे केरळच्या सीरियन ख्रिश्चनांचं प्राचीन प्रार्थनागीत, भाषा अरमाईक, पश्चिम आशियातली प्राचीन भाषा. समोरच्या गर्दीत ती कुणाला कळत असेल? सगळे गातायत. पुढे ‘झिनी’ या अल्बममध्ये कबीर आले, ‘ब्लॅक फ्रायडे’ या चित्रपटात ‘बंदे’ हे गाणं.

(दृश्य : संगणकाचा पडदा, गाणं उतरतंय)

आणि २०१०. नव्या अल्बमला नाव दिलं घराच्याच पत्त्याचं. गाणी सात, दर महिन्याला एक, इंटरनेटवर फुकट. मधली कंपनीच काढून टाकली. गाणं रसिकांचं, कमाई मैफलीतून, असा साधा हिशेब. आपल्याकडच्या प्रस्थापित बँडने तेव्हा हे करणं म्हणजे धाडसच होतं.

त्याआधीच, २५ डिसेंबर २००९ ला, असीम हे जग सोडून गेले. या गाण्यांत त्यांचा आवाज आहे. २०१३ मध्ये सुस्मित बँडमधून बाहेर पडले.

(दृश्य : आजचा मंच. दहा सेकंद निवेदन नाही, नुसता आवाज)

गिटारवर निखिल राव, तबल्यावर तुहीन चक्रवर्ती, गायला हिमांशु जोशी. राहुल आणि अमित आहेतच.