अठ्ठावन्न वाघिणी, दहा बाय बाराची खोली

[दृश्य: घाट चढून कॅसलरॉकला येणारी कोळशाची मालगाडी, मागे जोडलेली बँकर इंजिनं]

मुरगाव बंदरातून कोळसा भरलेली मालगाडी कुळे सोडते आणि घाटाला लागते. चढ 37 ला 1. नुसत्या पुढच्या इंजिनांचं हे काम नव्हे, मागून ढकलणारी इंजिनं, म्हणजे बँकर, लावावेच लागतात. बॉक्सएन जातीच्या 58 वाघिणी, म्हणजे मालडबे, आणि शेवटी गार्डाचा डबा. लोंढ्याच्या फलाटावर उभं राहून डबे मोजायची ज्याला सवय आहे, त्याला घरात पाच डब्यांची मॉडेल गाडी फिरवून समाधान व्हायचं नाही.

पण घरात जागा किती? सोपा, माजघर, आणि फार तर मागची एक 10 बाय 12 फुटांची खोली. तीही पाहुणे आले की त्यांची.

[दृश्य: भिंतीलगतचं शेल्फ, मोजपट्टी]

आधी हिशेब. बॉक्सएन वाघीण 10.7 मीटरची. एचओ स्केलमध्ये, म्हणजे 87 ला 1 या प्रमाणात, ती 12.3 सेंमी होते आणि अख्खा रेक, म्हणजे सगळ्या वाघिणींची रांग, सात मीटरच्या पुढे जातो. एन स्केलमध्ये, 160 ला 1, वाघीण 6.7 सेंमीची. दोन इंजिनं आणि गार्डाचा डबा धरून गाडी सव्वाचार मीटरच्या आसपास. भारतीय गाड्यांची तयार मॉडेलं एचओमध्ये मिळतात, एनमध्ये शोधावी लागतात किंवा बॉडी थ्रीडी प्रिंट करून घ्यावी लागते. तरी पूर्ण रेक हवा असेल तर एनच घ्या. एचओवर मन बसलं असेल तर वीसेक वाघिणींवर थांबा.

बहुतेक जण 8 बाय 4 ची प्लायची शीट आणून खोलीच्या मधोमध टाकतात. खोली अडते आणि रूळ मिळतो जेमतेम साडेपाच मीटर. त्यावर सव्वाचार मीटरची गाडी म्हणजे इंजिन स्वतःच्याच गार्डाच्या मागे लागलेलं! तीच खोली भिंतीकडून वापरा. चारही भिंतींना 30 सेंमी रुंदीचं शेल्फ, जमिनीपासून 130 सेंमीवर, दर 60 सेंमीला ब्रॅकेट. कोपऱ्यांत 45 सेंमी त्रिज्या धरली तरी एक फेरा साडेअकरा मीटरचा होतो. खाली कॉट, कपाट, टेबल जागच्या जागी राहतं.

45 सेंमीच का? एलएचबी जातीचा प्रवासी डबा एनमध्ये सुमारे 15 सेंमी. वळणाची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या तिप्पट असली की डबे निमूट चालतात. बारा फुटी भिंतीवर वळणं सोडून अडीच मीटरला थोडा कमी सरळ रूळ उरतो. त्यावर इंजिन आणि 15 डबे उभे राहतात. 22 डब्यांची एक्सप्रेस हवी असेल तर मॉडेलमधल्या बेळगाव स्टेशनच्या एका टोकाला कपिलेश्वर उड्डाणपूल घ्या. उरलेले डबे पुलाखालून वळणात जातील, फलाट संपला कुठे ते कळणार नाही.

दारासमोर उचलून ठेवता येणारी फळी. टोकांना टॉवर बोल्ट, आणि फळी काढली की अलीकडच्या एक मीटर रुळाचा करंट आपोआप तुटेल अशी जोडणी. ही टाळली तर एक दिवस गाडी जमिनीवर येतेच.

[दृश्य: तिरकी फळी, त्यावर सुटलेली वाघीण]

आता खरी अडचण. लांब गाडी जागेमुळे अडत नाही, ओढीमुळे अडते.

एक मीटर फळी घ्या, तिच्यावर रूळ ठोका, वाघीण ठेवा आणि एक टोक उचला. 2 सेंमीला वाघीण आपोआप सुटली पाहिजे. 4 सेंमीलाही हलत नसेल तर चाकं बदला. धातूची, टोकदार आसाची बसवा. प्रत्येक वाघिणीचं वजन 25 ग्रॅमच्या आसपास हवं. प्लास्टिकची रिकामी वाघीण त्याहून बरीच हलकी भरते. शिसं नको, घरात पोरं असतात. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये लोखंडी पट्टीचे तुकडे कापून मिळतील. चुंबकावर सुटणारे कपलर (डबे जोडणारे आकडे) असतील तर मात्र पितळ वापरा.

58 वाघिणींचे झाले 1,450 ग्रॅम. सपाटीवर, फळीच्या चाचणीतले 2 टक्के धरून, 29 ग्रॅम ओढ लागते. शंभर ग्रॅमचं इंजिन चाकं फिरकण्याआधी साधारण 20 ग्रॅम ओढतं, म्हणजे दोन इंजिनं पुरतात. खऱ्या घाटाचा 2.7 टक्के चढ दिलात की इंजिनांच्या वजनासकट ओढ 80 ग्रॅमवर जाते आणि चार इंजिनं लागतात. वळणाची ओढ वेगळीच! म्हणून घरातला घाट दीड टक्क्यावर ठेवा, तीन इंजिनांत भागतं.

दीड टक्क्याचा आणखी फायदा म्हणजे खोलीला एक फेरा मारेपर्यंत रूळ 17 सेंमी खाली उतरतो. त्या खालच्या मजल्यावर गाड्या लपवून उभ्या करता येतात, हात घालण्यापुरती जागाही राहते. मळसूत्री चढ बांधून कोपरा अडवायची गरज नाही.

खाली गाडी उलटी फिरवायला लूप घेतलात तर एक गोष्ट सांभाळा. 45 सेंमी त्रिज्येच्या वर्तुळाचा घेर 2.83 मीटरच असतो. ऑटो-रिव्हर्सर (रुळांची पोलॅरिटी आपोआप उलटवणारं यंत्र) जोडलेला तुकडा गाडीहून लांब हवा, नाहीतर धातूची चाकं दोन्ही टोकांचे गॅप एकाच वेळी ओलांडतात आणि शॉर्ट होतो. लूप भिंतीलगत लांबवून तो तुकडा साडेचार मीटरचा करा.

[दृश्य: वळणावर आतल्या बाजूला कललेल्या वाघिणी]

वळणावर पुढच्या हलक्या वाघिणी आतल्या बाजूला आडव्या पडतात, कारण मागच्या सगळ्या गाडीची ओढ त्यांच्याच कपलरवर असते. जड वाघिणी पुढे लावा. मागचा बँकर पुढच्या इंजिनांपेक्षा किंचित सावकाश ठेवा. तो जोरात ढकलू लागला तर वाघिणी वळणाबाहेर उडतात. डीसीसी, म्हणजे डिजिटल नियंत्रण, असेल तर इंजिनातल्या सीव्ही 2, 5 आणि 6 या सेटिंगांवर, बँकर तेवढा किंचित कमी ठेवून, सगळ्यांचा वेग जुळवा, मग सीव्ही 19 मध्ये एकच क्रमांक द्या.

वायरिंग घरगुतीच: मुख्य वायर 1.5 चौरस मिमी, दर मीटरला रुळाकडे एक फीडर वायर. तपासणीसाठी रुळांवर नाणं ठेवा. कुठेही ठेवलं तरी रुळांना वीज देणारा बूस्टर लगेच बंद पडला पाहिजे.

प्लाय बीडब्ल्यूपी (पाण्यात टिकणाऱ्या) दर्जाचा, कडा वॉर्निश केलेल्या. खानापूर पट्ट्यातल्या पावसात लाकूड फुगतं आणि एप्रिलात आकसतं. पावसाळ्यात रूळ घट्ट भिडवून ठोकले तर उन्हाळ्यात ते वाकतात, कारण खालचं लाकूड आखडतं आणि धातू वाढतो. काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करा आणि दर दीड मीटरला एक मिलिमीटर गॅप सोडा.

[दृश्य: वाघिणी जोडताना हात]

पहिल्याच दिवशी 58 जोडू नका. 20 पासून सुरुवात करा, मग दहा-दहा वाढवा. तीच वाघीण वेगवेगळ्या जागी पडत असेल तर तिच्या चाकांमधलं अंतर तपासा. वेगवेगळ्या वाघिणी एकाच जागी पडत असतील तर तिथला जोड उचकटा.