ओढून पाहिलेले कुलूप

अध्यक्षमहाराज आणि श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय ‘घरातील व कामाच्या ठिकाणची चिंता आणि तिचे व्यवस्थापन’ असा छापला आहे. त्यातला ‘व्यवस्थापन’ हा शब्द संयोजकांचा. मी त्यांना ‘काळजीविषयी बोलेन’ एवढेच कळवले होते. ‘काळजी’ या एका शब्दापाशी मला आज थोडे रेंगाळायचे आहे, कारण मराठीने या नामाला तीन क्रियापदे जोडून माझे अर्धे काम आधीच करून ठेवले आहे. काळजी वाटते, काळजी घेतली जाते आणि काळजी केली जाते. वाटणे आपल्या हातात नसते. घेणे हे काम आहे आणि ते एकदा झाले की संपते. करणे मात्र संपत नाही; आणि गेली २२ वर्षे समुपदेशनाच्या खोलीत माझ्यासमोर येऊन बसलेली बहुतेक माणसे काळजी करण्यालाच काळजी घेणे समजत आलेली आहेत.

याचे पहिले उदाहरण माझ्या घरातले आहे. डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांना वडील अलिगढचे सात लिव्हरचे पितळी कुलूप लावत आणि लावल्यावर ते तीनदा ओढून पाहत. अलिगढच्या कुलपावर साऱ्या हिंदुस्थानाचा विश्वास आहे. आमच्या घराचा तेवढा नव्हता. एका मे महिन्यात आम्ही एसटीने राजापूरला निघालो असता गाडी पनवेलच्या स्थानकात थांबली आणि वडिलांनी आईला विचारले, ‘कुलूप लावलं ना मी?’ आई म्हणाली, ‘चांगलं तीनदा ओढलंत.’ त्यावर ते म्हणाले, ‘ओढलेलं आठवतंय गं, पण ते आजचं की कालचं?’ आम्ही तिघे भावंडे, दोन ट्रंका आणि आंब्यांसाठी घेतलेल्या रिकाम्या करंड्या असे सगळे खाली उतरलो. वडील एकटे डोंबिवलीला परत गेले आणि आम्ही त्या फलाटावर साडेचार तास बसून राहिलो. ते आले तेव्हा चेहरा उजळलेला होता. कुलूप अर्थातच लागलेले होते. ‘आता तरी पटलं?’ असे आईने विचारल्यावर ते म्हणाले, ‘पाहून आलो म्हणून तर बरं वाटतंय.’ पुढच्या मे महिन्यापासून ते कुलूप पाच वेळा ओढू लागले. आपण हसलात हे बरे झाले. आज इथे येताना गॅस बंद आहे का हे पाहायला जिन्यावरून किती जण परत फिरले, हे मी विचारणार नाही.

‘आजचं की कालचं’ हा वडिलांचा प्रश्न मला पुढे एका शोधनिबंधात भेटला. मार्सेल व्हान डेन हाउट आणि मेरेल किंट या नेदरलँड्समधील दोन मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांना संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा तपासायला लावली होती. तपासून तपासून त्यांची स्मृती फारशी चुकू लागली नाही. पण ती अंधूक झाली आणि तिच्यावरचा त्यांचा विश्वास मात्र ढासळला. एकसारख्या कृतीच्या आठवणी एकमेकींवर साचत जातात आणि आजची वेगळी काढता येत नाही. म्हणजे खात्री करून घेण्यासाठी केलेली कृतीच खात्री खाऊन टाकते. शिवाय पाहून आल्यावर जे बरे वाटते, ते मनाला बक्षिसासारखे लागते. कुलूप होतेच, यापेक्षा आपण गेलो म्हणून निभावले, असाच धडा मन त्यातून घेते.

घरात याच कुलपाचे नाव ‘पोचल्यावर फोन कर’ असे असते. त्या एका फोनला माझी हरकत नाही. ती काळजी घेणे झाली. ‘लोणावळा आलं का’, ‘जेवलास का’ आणि ‘फोन का उचलला नाहीस’ हे पुढचे तीन फोन म्हणजे कुलूप ओढणे आहे. व्हॉट्सॲपने २०१४ मध्ये निळ्या टिका आणल्या, तेव्हापासून तर हे कुलूप प्रत्येकाच्या खिशात आले.

कार्यालयांविषयी माझी जुनी तक्रार आहे, ती आज बोलून घेतो. पूर्वी मी एका कचेरीत नोकरीला असताना आमच्या साहेबांनी शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता ‘सोमवारी भेटा, थोडं बोलायचं आहे’ असा निरोप पाठवला आणि ते गावाला गेले. मी शनिवारी तीन सहकाऱ्यांना फोन करून ‘साहेब काही म्हणाले का?’ असे विचारले, त्यामुळे रविवारी आम्ही चौघे जागे होतो. सोमवारी कळले, की साहेबांना मुलाच्या मुंजीसाठी आमच्याकडच्या केटररचा नंबर हवा होता. ‘मुंजीच्या जेवणाविषयी’ एवढे दोन शब्द त्या निरोपात असते, तर चार कुटुंबांचा रविवार वाचला असता. श्रोत्यांत जे साहेब असतील, त्यांनी निरोपात विषय लिहावा, एवढी माझी विनंती आहे.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे आणि माझी पाच मिनिटे उरली आहेत, तेव्हा ज्यासाठी आपण आलात ते आता भराभर सांगतो. कुलूप एकदाच लावावे, लावताना ‘आज मंगळवार, कुलूप लावले’ असे मोठ्याने म्हणावे आणि मग हात मागे घ्यावा. पुन्हा पाहण्याची, विचारण्याची ओढ लागली, तर तिला नाही म्हणू नये, दहा मिनिटे थांब म्हणावे. ती बेचैनी चढते तशी उतरतेही, पण हे अनुभवायला तिला उतरू द्यावे लागते. दिवसभर मनात घोळणाऱ्या काळज्यांसाठी अमेरिकेतील थॉमस बोरकोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये एक साधी रीत मांडली: रोज ठरावीक वेळी, ठरावीक जागी अर्धा तास काळजी करण्यासाठीच बसायचे आणि एरवी आलेली काळजी त्या वेळेवर ढकलायची. ही जागा अंथरूण नसावी. कागद जवळ ठेवावा. ज्या काळजीपुढे उद्या करण्याचे एखादे काम लिहिता येते ती घेण्याची, बाकीच्या करण्याच्या, हे तिथे आपोआप वेगळे होते. घरच्यांनीही दहाव्यांदा ‘हो, लावलंय’ म्हणण्याऐवजी ‘तुला काळजी वाटतेय ना?’ एवढेच म्हणावे.

मात्र महिनोन्महिने झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल किंवा तपासण्यातच दिवसाचे तास जात असतील, तर हा प्रकार व्याख्यानाने सुटणारा नाही; त्यासाठी डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तिचा क्रमांक १४४१६ असून तिथे मराठीतही बोलता येते. वडिलांच्या वेळी असे काही नव्हते. प्रश्न असतील ते बाहेर चहाच्या वेळी विचारावेत, कारण शिपाईदादा मघापासून सभागृहाची किल्ली हातात घेऊन दाराशी उभे आहेत.