टाच किती कापायची?

दादर स्टेशनबाहेर, पुलाच्या पायऱ्यांना लागून चपला दुरुस्त करणाऱ्या काकांची बैठक. डोक्यावर निळं प्लास्टिक. पुढ्यात लोखंडी ऐरण, रापी, आरी, सोल्यूशनचा डबा. आत्ता त्यांच्या हातात तीन इंची टाचेची सोनेरी सँडल आहे. भावाच्या रिसेप्शनला एकदाच घातलेली, तेव्हापासून कपाटात पडून.

"काका, निम्मी करून द्या."

"निम्मी नाही होणार, ताई. अर्धा इंच काढतो. त्याच्या पुढे हात लावणार नाही."

ताईंना वाटतं, काका टाळतायत. पण सँडल जरा बाजूने बघा. टाच म्हणजे काही टेबलाचा पाय नव्हे, की चारी सारखे कापले आणि टेबल बुटकं झालं. सँडल फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, चढते तेव्हाच तिची उंची ठरलेली असते. तळव्याच्या कमानीखाली, दोन थरांच्या मध्ये पोलादाची पट्टी बसवतात. तिला शँक म्हणतात. ती याच उताराच्या मापाने वाकवलेली. टाच छाटली तरी पट्टीचा बाक तोच. मग अख्खी सँडल मागे कलते आणि पुढचं टोक होडीच्या नाळेसारखं वर येतं. अर्ध्या इंचापर्यंत ते खपून जातं. इंचभर काढलं, तर चालताना पाय मागे ओढल्यासारखा होतो.

काका आधी टाचेखालची झिजलेली टिप पकडीने उपटतात. मग टाचेवरचं रेक्झिन रापीने अलगद सोडवून वर गुंडाळतात. हे मला सगळ्यात नाजूक काम वाटलं. इथे फाटलं तर जोडच दिसणार. मग करवत. आधी खसखस प्लास्टिक कापलं जातं, आणि मध्येच आवाज बदलतो. किर्रर्र. बारीक टाचेच्या पोटात पोलादी नळी असते. 1950 च्या दशकात युरोपात पेन्सिलीएवढ्या टाचा आल्या, त्या आत धातू घातल्यामुळेच. नुसत्या लाकडाची एवढी बारीक टाच वजनाखाली मोडली असती.

काप सरळ घेतलेला नाही, बघितलंत? मागच्या बाजूने किंचित जास्त उतरवलाय. सँडल मागे कलणार, म्हणजे टाचेची मागची कड आधी टेकणार. तेवढी ती आधीच काढून टाकायची. जाड, चौकोनी टाचेला हा फरक दोन-तीन मिलिमीटरवर जातो. बारीक टाचेला जेमतेम नखाएवढा, पण तो चुकला तर सँडल डुगडुगते.

जुनी टिप आता बसत नाही. टाच वर जाते तशी रुंद होत जाते, म्हणून टिप मोठी लागते. तिचा खिळा नळीत ठोकायचा, बाहेर आलेली कड कानशीने घासायची. दुसऱ्या पायाला मात्र माप डोळ्याने घेत नाहीत. कापलेला तुकडाच शेजारी धरून खूण करतात.

वेजेसवाले आले, तर काका मानेनेच नाही म्हणतात. तिथे टाच आणि सोल एकच, कापणार कुठून?

ताई वर्तमानपत्रावर उभ्या राहून बघतात. डुगडुगत नाही. चार पावलं चालतात, परत येतात, पैसे देतात. आणि मग आठवतं: घागरा याच सँडलवर मापून शिवलाय. साडी असती तर कमरेला जरा वर खोचली असती.

"काका, परत वाढवता येईल का हो?"