रेघ

(दृश्य: दांडी किनारा, मालवण. पावसाची रिपरिप. झापांखाली झाकून ठेवलेल्या होड्या.)

नारळी पौर्णिमेला अजून अवकाश आहे. होड्या झापांखाली आहेत आणि समोरचा सिंधुदुर्ग किल्ला पावसात अर्धाअधिक पुसला गेलाय. दर्यावर काम नाही, त्यामुळे माणसं घरी सापडतात.

ज्या घरात आपण शिरतोय, तिथल्या काकींनी आम्हाला अट घातलीय. हात दाखवा, तोंड नको. नाव तर नकोच. तीस वर्षं त्या बाजारात मासे विकतात. तेव्हा या फिल्ममध्ये तुम्हाला दोन हात दिसतील, बोटांवर आडाळ्याच्या, म्हणजे विळीच्या, जुन्या चिरा असलेले. सुरुवातीला आम्ही हिरमुसलो होतो. नंतर लक्षात आलं, की ही गोष्ट तशीही तोंडावर दिसणारी नाहीच.

(दृश्य: ओटी. स्टुलावर उघडलेलं छोटं पाकीट.)

काकींचा झील, म्हणजे मुलगा, आदल्या रात्री कोकणकन्येत बसला, कुडाळला उतरला, एसटीने घरी आला. पिशवीत आईसाठी चपला, आणि हे किट, हिपॅटायटिस सी हा यकृताचा आजार घरच्या घरी तपासायचं. 28 जुलैला, जागतिक हिपॅटायटिस दिनी, त्याच्या कंपनीत शिबिर होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कोणाला पंचवीस-तीस वर्षांपूर्वी रक्त चढवलंय का? याला एकदम आठवलं. त्याचा स्वतःचा जन्म, 1988 सालचा. आईला दोन बाटल्या रक्त लागलं होतं, ही कथा तो लहानपणापासून ऐकत आलाय.

1988 मध्ये हिपॅटायटिस सी हे नावच नव्हतं. रक्त घेतलेल्या काही रुग्णांचं यकृत बिघडतं, पण तपासणीत ना हिपॅटायटिस ए चा विषाणू सापडतो ना बी चा, एवढंच हार्वे ऑल्टर यांनी सत्तरच्या दशकात दाखवलं होतं. मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणू ओळखला तो 1989 मध्ये. एकटा हाच विषाणू हा आजार घडवतो, हे चार्ल्स राइस यांनी सिद्ध केलं. 2020 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं. भारतात दान केलेल्या प्रत्येक बाटलीची या विषाणूसाठी तपासणी सक्तीची झाली 2001 च्या सुमारास. 1988 मध्ये रक्त देणारा, घेणारा, चढवणारा, कोणालाच काही कळायचा मार्ग नव्हता.

काकींचं म्हणणं मात्र सरळ होतं.

"माका कधी कावीळ जावक नाय. डोळे बघ, पिवळे आसत?"

इथेच आपल्याकडे घोळ होतो. यकृताचा आजार म्हणजे कावीळ, आणि कावीळ म्हणजे पिवळे डोळे. त्यावर आपल्याकडे माळ आहे, जी गळ्यात घातली की लांब होत जाते. चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळं पाणी दाखवणारे आहेत. दूषित पाण्यातून येणारी ए किंवा ई ची कावीळ बहुतेकदा आपणहून उतरते आणि श्रेय माळेला जातं. (भातलावणीच्या दिवसांत लेप्टो या तापानेही डोळे पिवळे होतात. तिथे माळेत घालवलेले दोन दिवस जिवावर बेतू शकतात. पण तो वेगळ्या फिल्मचा विषय.)

सी चा विषाणू बहुतेकांचे डोळे पिवळे करतच नाही. रक्तातून शिरतो आणि यकृताच्या पेशींत मुक्काम ठोकतो. दहातल्या साधारण तिघांचं शरीर त्याला सहा महिन्यांत हाकलून देतं. बाकीच्यांत तो राहतो. थोडा थकवा, भूक कमी, आणि वयाच्या नावावर खपून जाईल असं काहीबाही. वीस वर्षांत त्यांतल्या 15 ते 30 टक्के लोकांचं यकृत निबर होत सिरॉसिसपर्यंत जातं.

(दृश्य: हात. पट्टी वरच्या हिरडीवरून, मग खालच्या हिरडीवरून फिरते. तोंड फ्रेमबाहेर.)

या किटला सुई नाही. घरी स्वतः तपासायला जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये शिफारस केली आणि 2024 मध्ये अशा पहिल्या किटला मान्यता दिली. हिरडीवरून एकदा वर, एकदा खाली पट्टी फिरवायची, कुपीतल्या द्रावात उभी करायची आणि थांबायचं. आधी चहा, तंबाखू, मशेरी काही नको. काकींना तेच सर्वांत कठीण गेलं. निकाल किटच्या कागदावर दिलेल्या वेळेतच वाचायचा. उशिरा उमटलेल्या रेघेला अर्थ नाही.

दोन रेघांची जागा असते. सी जवळची रेघ (हा सी कंट्रोलचा, विषाणूचा नव्हे) सांगते की किट चाललं. ती नसेल तर तपासणी वाया गेली. टी जवळची रेघ आली, मग ती कितीही पुसट असो, तर रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, आहेत.

काकींच्या पट्टीवर दोन्ही रेघा आल्या.

त्या पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "माझे माशे मगे कोण घेतलो?" (मग माझे मासे कोण घेणार?)

आम्ही कॅमेरा खाली ठेवला. झिलाने समजावलं, आम्ही इथे सांगतो. हा विषाणू जेवणातून, पाण्यातून, एका ताटातून, मिठी मारल्याने पसरत नाही. माशातून तर नाहीच. रक्ताला रक्त लागलं तर पसरतो. न उकळलेल्या सुया, जत्रेत एकाच सुईने दहा जणांचं गोंदण, न्हाव्याचं तेच पातं, घरात एकमेकांचा वस्तरा. आईकडून बाळाला जन्मताना लागण होते, पण साधारण शंभरात पाचांना. झिलाने स्वतःची तपासणी मुंबईतच उरकली होती. त्याच्या पट्टीवर एकच रेघ होती.

आणि ही रेघ म्हणजे आजार नव्हे. शरीराची या विषाणूशी कधीतरी गाठ पडली, एवढंच ती सांगते. तो आत्ता आहे का, हे कळायला रक्तातला विषाणूच मोजावा लागतो, म्हणजे आरएनए चाचणी. उलटही होतं. लागण गेल्या दोन-तीन महिन्यांतली असेल, तर रेघ न येताही विषाणू असू शकतो.

काकींच्या रक्तात तो होता. 1988 च्या बाटलीतूनच आला का, हे आता कोणी ठामपणे सांगू शकत नाही. तपासायला सुई लागली तेव्हाच त्या कुरकुरल्या. रक्ततपासणीतल्या प्लेटलेट आणि एसजीओटी (यकृताला इजा झाली की वाढणारं) या साध्या आकड्यांवरून डॉक्टरांनी यकृताचा अंदाज घेतला. सिरॉसिस नव्हता.

(दृश्य: कालनिर्णयाचं पान. रोजच्या चौकटीत पेनने मारलेली फुली.)

पूर्वी या आजारावर महिनोन्‌महिने इंटरफेरॉनची इंजेक्शनं होती. ताप, अंगदुखी, आणि बरे होणारे जेमतेम अर्धे. आता सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर, रोज एकेक गोळी, बारा आठवडे. शंभरात पंचाण्णवाहून जास्त लोक पूर्ण बरे होतात. 2018 पासून सरकारच्या राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमात तपासणी आणि ही औषधं मोफत आहेत. लस मात्र नाही. विषाणू सतत रूप बदलतो.

अनंत चतुर्दशीनंतर काकींनी पहिली गोळी घेतली. चौऱ्याऐंशी फुल्या डिसेंबरात पूर्ण झाल्या. शेवटची गोळी झाली की आणखी बारा आठवडे थांबून पुन्हा विषाणू मोजतात. ती तपासणी शिमग्याच्या तोंडावर झाली. सापडला नाही.

(दृश्य: शिमगा. दूरवर ढोल. ओटीवर तेच हात, सुके बांगडे निवडताना.)

झील सणाला आला, तो दुसरं किट घेऊनच. खात्री करायला. पट्टीवर पुन्हा दोन रेघा. त्याचं तोंड उतरलं, आमचंही. मग त्याने डॉक्टरांना फोन लावला. प्रतिपिंडं बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं राहतात. त्यामुळे बऱ्या झालेल्या माणसाला हे किट पुढे काही उपयोगाचं नाही. पुन्हा लागण होऊ शकते, पण ती शोधायला आरएनएच लागतो.

काकींनी पट्टी उचलली, उजेडात धरली, आणि सुक्या माशांच्या कचऱ्यात टाकली.

"रवांदे रे. ती जुनी रेघ आसा."