ठाण्याचा किल्ला आणि भरतीची रांग

[दृश्य: ठाणे मध्यवर्ती कारागृहाची दगडी तटबंदी, शेजारून वाहती रहदारी]

ठाण्याच्या तुरुंगाची ही भिंत मुळात किल्ल्याची. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकला आणि 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांच्या तोफा याच तटासमोर लागल्या.

पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाची गोष्ट आपण पुण्यापासून सुरू करतो. नारायणरावांचा खून, राघोबादादा, बारभाई. ती भाऊबंदकी खरीच. पण मुंबईच्या कंपनी सरकारचा साष्टीवर, म्हणजे ठाणे ज्यावर वसलंय त्या बेटावर, डोळा होता तो त्याच्या कितीतरी आधीपासून. मुंबई तेव्हा लहानसं बेट, धान्यासाठी बाहेरच्या मुलखावर अवलंबून. साष्टी मिळाली की पिकाऊ जमीन मिळणार, शेतसारा मिळणार, ठाण्याची खाडी ताब्यात येणार. पुण्यात फूट पडली तशी संधी दिसली. तरीही वाटाघाटी चालूच होत्या. सैन्य हललं ते एका बातमीमुळे: पोर्तुगीज साष्टी परत घ्यायला निघालेत. आपण थांबलो तर ते घेतील!

ही भीती मला युद्धाच्या कारणांमध्ये सगळ्यात महत्त्वाची वाटते. हाव वर्षानुवर्षं वाट बघते. पण समोरचा आपल्या आधी पोचेल असं वाटलं, की शहाणी माणसंही घाईने तोफा हलवतात.

[दृश्य: खाडी, कळवा पुलावरून]

27 डिसेंबरच्या रात्री कंपनीच्या फौजेने खंदक बुजवायचा प्रयत्न केला, तो फसला. शंभरेक गोरे सैनिक मेले किंवा जखमी झाले. दुसऱ्या दिवशी फौज आत घुसली आणि किल्ल्यातली बहुतेक शिबंदी कापली गेली. लढाया, तह, मोडलेले तह असं करत हे युद्ध 1782 च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललं. बराचसा जिंकलेला मुलूख कंपनीने परत दिला. साष्टी मात्र दिली नाही.

आता त्या फौजेतली माणसं बघू. कंपनीच्या मुंबई फौजेत कोकणातले मराठे होते, महार होते, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, होते. ज्यांचं 1879 सालचं सिनेगॉग आजही ठाण्यात उभं आहे, तोच हा मराठी बोलणारा समाज. म्हणजे तटाच्या दोन्ही बाजूंना मराठी बोललं जात होतं. मग कंपनीकडे का जायचं? देशी सरदारांच्या फौजांत पगार महिनोन्‌महिने थकायचा, कंपनीचा बहुधा वेळेवर मिळायचा. याला कुणी फितुरी म्हणेल. मी म्हणणार नाही. घरी चूल पेटायची होती.

पगाराइतकीच मोठी दुसरी गोष्ट म्हणजे मान. 1890 च्या दशकात इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. ज्या समाजाला गावात पाणवठ्यावर जाता येत नव्हतं, त्याला पलटणीत गणवेश, हुद्दा आणि मुलांना शाळा मिळत होती. डॉ. आंबेडकरांचे वडील, सुभेदार रामजी सकपाळ, लष्करी शाळेत शिक्षक होते. हे दार बंद झाल्यावर महार समाजाचे पुढारी शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 मध्ये सरकारकडे अर्ज केला: आम्हाला पुन्हा भरती करा. दार उघडलं ते पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागल्यावर. 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर, 1921 मध्ये, मोडली गेली. गरज संपली, मानही संपला. हा अन्याय वाचताना आजही राग येतो.

[दृश्य: जुना नकाशा, मुंबई ते बसरा]

त्याच महायुद्धात, ऑक्टोबर 1914 मध्ये, मुंबईहून इराणच्या आखाताकडे फौज निघाली. इराणमधल्या अबादानचं तेल सुरक्षित ठेवणं हा तिच्या कामाचा मोठा भाग होता. मराठा पलटणीही त्या आघाडीवर लढल्या. आजच्या इराकमधल्या कुत इथे तुर्कांच्या वेढ्यात उपासमार झाली आणि 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे 13,000 जणांनी शरणागती पत्करली. त्यातले पुष्कळ कैदेत मेले. साध्या शिपायाला महिना 11 रुपये मिळत होते. लंडनच्या तेलाशी त्याचं काय देणंघेणं?

[दृश्य: पहाटे मैदानावर धावणारी मुलं]

2022 मध्ये मुंब्र्यात अग्निवीर भरती झाली. सोळाशे मीटर धाव, बीमवर पुल-अप्स, नऊ फुटी खड्डा, मग मेडिकल. नोकरी चार वर्षांची. पहिल्या वर्षी महिना 30,000 रुपये, पैकी हातात 21,000. शेवटी जवळपास पावणेबारा लाखांचा एकरकमी सेवानिधी. जास्तीत जास्त शंभरातल्या पंचवीस जणांना पुढे कायम करणार.

ग्राउंड मारणाऱ्या या मुलांत देशावरचं प्रेम आहे, त्याबद्दल शंका नको. पण हीच मुलं पोलीस भरतीचीही तयारी करतात, राज्य राखीव पोलीस दलाचीही (एसआरपीएफ). जी जाहिरात आधी येईल तिचा फॉर्म भरतात. त्यांचा पहिला प्रश्न असतो, जागा किती निघाल्या? सीमेवर काय चाललंय, हा नव्हे. सीमेचा तो प्रश्न विचारणं त्यांचं एकट्याचं काम नाही. ज्यांची मुलं त्या रांगेत नाहीत, अशा आपण सगळ्यांनी तो आधी विचारायला हवा, आणि युद्धाची मागणी करण्यापूर्वी तर नक्कीच.