लिफाफा आला तर नाकारू नका

श्रोतेहो, नमस्कार.

अनुदानित खाजगी शाळेतल्या शिक्षकाला संस्थेकडून रजिस्टर पोस्टाने लिफाफा येतो. आत आरोपांचं विवरण असतं आणि खुलासा मागितलेला असतो. स्टाफरूममध्ये कुणीतरी हमखास सांगतं, "सर, घेऊच नका." हा सल्ला घातक आहे. पोस्टमन पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा मारतो आणि नोटीस बजावली गेली असंच धरलं जातं. लिफाफा घ्या, मिळाल्याची तारीख पाकिटावरच लिहा आणि पाकीट जपून ठेवा. पुढची मुदत त्याच तारखेपासून मोजतात.

आपल्या नोकरीला महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेल्या 1977 च्या सेवाशर्ती कायद्याचं आणि 1981 च्या नियमावलीचं संरक्षण आहे. त्या नियमावलीतला चौकशीची रीत सांगणारा नियम 36 प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी वाचलेला असावा. खुलाशासाठी सात दिवस मिळतात. तेवढ्यात एकेका आरोपाला एकेक उत्तर द्या. मुख्याध्यापकांचा स्वभाव, संस्थेतलं राजकारण हे त्यात आणू नका. कार्यालयात हातोहात दिलात तर आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. नुसतं 'मिळालं' असं तोंडी ऐकून परत फिरू नका.

खुलासा पटला नाही तर तीन जणांची चौकशी समिती बसते. एक संस्थेचा, एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला आणि एक तुमचा. तुमचा सदस्य नेमायला पंधरा दिवस मिळतात, आणि घोटाळा होतो तो इथेच. कुणी वकिलाचं नाव देतं, कुणी शिक्षक संघटनेच्या निवृत्त पदाधिकाऱ्याचं. नियमाला मात्र खाजगी शाळेत आज नोकरीत असलेला कर्मचारी लागतो, आणि त्याची लेखी संमतीही जोडावी लागते. मुदत टळली तर तुम्हाला कुणी नेमायचंच नाही असं समजून समिती दोघांचीच राहते, आणि त्या दोघांत तुमच्या बाजूचं कुणी नसतं. म्हणून संघटनेच्या तालुका शाखेने नियम पाठ असलेल्या चार-पाच शिक्षकांची नावं आधीच तयार ठेवावीत. मोर्चाइतकंच हेही संघटनेचं काम आहे, आणि माझ्या मते जास्त मोलाचं.

निलंबन करायचं तर शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. ती न घेता निलंबित केलं तर निलंबनाच्या काळात मिळणाऱ्या निर्वाहभत्त्याचा भार संस्थेवर येतो. आदेश हातात पडताच मंजुरीपत्राची प्रत लेखी मागा.

बडतर्फी, सेवासमाप्ती किंवा पदावनती झाली तर सेवाशर्ती कायद्याच्या कलम 9 प्रमाणे तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करायचं. कामगार न्यायालयाकडे जाऊन महिने वाया घालवू नका. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्येच सांगितलं आहे की तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक 'कामगार' नाही. आपली संघटना असली तरी आपला रस्ता वेगळा आहे.

आता आपल्याकडून काय अपेक्षित आहे तेही बोलू. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 प्रमाणे वेळेवर हजर राहणं, ठरल्या वेळेत अभ्यासक्रम पुरा करणं, पालकांना नियमित भेटणं ही कर्तव्यं आहेत. त्या कायद्याच्या अनुसूचीत पूर्वतयारीसह आठवड्याचे किमान पंचेचाळीस तास धरलेले आहेत. कलम 28 प्रमाणे खाजगी शिकवणी बंद. घरी शिकवणी घेणाऱ्या शिक्षकाची बाजू मांडताना संघटनेचेही हात बांधले जातात. कलम 27 मात्र आपल्या बाजूने बोलतं: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामं देता येतात. दुसरं काम आलं तर वर्ग सोडून भांडू नका, कलमाचा उल्लेख करून लेखी हरकत नोंदवा. निवडणुकीचा आदेश असेल तर मात्र जावंच लागतं, ते टाळणं गुन्हा आहे.

शेवटी राजीनाम्याविषयी. नेमणुकीच्या वेळी कोऱ्या कागदावर सही मागितली जाते, असं अजूनही कानावर येतं. देऊ नका. सेवाशर्ती कायद्याच्या कलम 7 प्रमाणे राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत रजिस्टर पोस्टाने संस्थेला पाठवायची आणि दुसरी आपल्याजवळ ठेवायची. तारीख न घालता दिलेल्या सहीवर पुढे कुणीही हवी ती तारीख लिहू शकतो. अशी सही आधीच देऊन बसला असाल, तर ती स्वेच्छेची नव्हती असं आजच्या तारखेचं पत्र संस्थेला पाठवा, प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि पोस्टाची पावती सांभाळून ठेवा.