दारावर आलेल्या ताईंचं आधी ऐकून घ्या

नमस्कार मंडळी. ठाण्यात, कळव्यात, ऐरोली, घणसोली, नेरूळ, जिथे कुठे असाल तिथे, जेवणं उरकून निवांत बसला असाल तर सात-आठ मिनिटं मला द्या, विषय आपल्या पोरांचाच आहे.

मी घणसोलीत बालवाडी चालवते, राहते कोपरखैरणेत. गेल्या पावसाळ्यात आमच्या बिल्डिंगमध्ये दोन मुली आल्या होत्या, गळ्यात ओळखपत्रं, एकीच्या खांद्याला उंची मोजायची ती लांब फळी, दुसरीकडे वजनकाटा आणि कागदांची फाईल, फाईल पण प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कारण बाहेर नुसता धो धो. लहान मुलांच्या आरोग्याचा अभ्यास आहे ताई, पाच मिनिटं बोलायचंय, एवढंच म्हणत होत्या. चार मजले, सोळा दारं, त्यातलं एखाद-दुसरं उघडलं असेल. कोणी म्हणालं आधार नंबर मिळणार नाही, कोणी म्हणालं घरात मोठं माणूस नाही, कोणी म्हणालं आमच्या पोराचं रक्त तुम्हाला कशाला. मी पण सेफ्टी डोअरच्या जाळीतूनच नंतर या म्हटलं. रोज तीस पोरं सांभाळणारी मी, आणि मी सुद्धा विचारलं नाही की बाई गं, कसला अभ्यास, काय शोधताय. ते मला आजपर्यंत लागून राहिलंय.

आता लोक दार उघडत नाहीत त्यात त्यांची चूक आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. रोज कोणाच्या तरी खात्यातून पैसे गेल्याचं ऐकतो आपण. आणि दुसरी गोष्ट, आपल्या देशात असं वाईट घडलेलं पण आहे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमध्ये वडोदऱ्याला शाळकरी मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरपासून वाचवणारी लस देण्याचा एक प्रकल्प झाला, तिथे कितीतरी फॉर्मवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या आणि मुख्याध्यापकांच्या सह्या निघाल्या, प्रकल्प थांबवावा लागला, २०१३ मध्ये संसदेच्या समितीने कडक ताशेरे ओढले. लसीचा मुद्दा नाहीये हा, ती लस आज जगभर देतात. मुद्दा हा की आईबापांना नीट सांगितलं नाही, नीट विचारलं नाही. म्हणून माझं म्हणणं, डोळे मिटून हो म्हणू नका, पण न ऐकता नाही पण म्हणू नका.

कारण ऐकून घेणाऱ्या बायकांमुळे काय काय कळलंय ते सांगते. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून एक अभ्यास चाललाय, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचा, डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांचा. गावातल्या बायका गरोदर राहण्याच्या आधीपासून त्यांची नोंद, मग गरोदरपणात काय खातात, किती काम करतात, विहिरीवरून पाणी, शेतातली कामं सगळं, आणि बाळ झालं की वजन, लांबी, आणि एका छोट्या चिमट्याने खांद्याच्या पात्याखालची कातडी धरून तिची जाडी मोजायची, म्हणजे बाळाच्या अंगावर चरबी किती ते कळतं. तिथल्या बाळांचं वजन भरलं सरासरी २.७ किलो, आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. पण गंमत अशी की एवढी बारीक बाळं असूनसुद्धा त्यांच्या पाठीवरची चरबी त्या गोऱ्या बाळांच्या जवळपासच होती. दिसायला काटकुळं, आतून चरबी, आणि स्नायू कमी! आपल्याकडे अंगाने किरकोळ दिसणाऱ्या माणसाला पण चाळिशीतच शुगर का निघते, त्याचा धागा थेट पाळण्यापर्यंत जातो हे तिथून लक्षात यायला लागलं. त्याच आयांमध्ये दोन तृतीयांश जणींना बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व कमी निघालं, आणि ज्या बायका हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं जास्त भरलेली निघाली. मेथी, चवळी, माठ, हो, तेच जे पोरं ताटात बाजूला सारतात.

आणि हे फक्त गावाकडचं नाही हं. इथे खाडीपलीकडे मुंबईच्या वस्त्यांमध्ये २००६ पासून साडेसहा हजार बायकांना घेऊन एक अभ्यास झाला, गरोदर राहण्याच्या आधीपासूनच रोज एक खाऊ द्यायचा, समोर बसून खायचा, निम्म्या जणींच्या खाऊत पालेभाजी, फळं, दुधाची पावडर, बाकीच्यांच्या खाऊत बटाटा-कांदा असलं साधं. वाटलं होतं बाळाचं वजन सगळ्यांचंच वाढेल, तसं झालं नाही, फार बारीक असलेल्या बायकांच्या बाळांना फरक पडला नाही. पण गरोदरपणातला डायबिटीस पहिल्या गटात ७.३ टक्के आणि दुसऱ्या गटात १२.४ टक्के निघाला. सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी, आणि ते सुद्धा रोजच्या एका खाऊमुळे. ज्या बायका रोज वेळ काढून सेंटरवर आल्या, त्यांच्यामुळे हे आज आपल्याला कळतंय.

ब्रिस्टल नावाच्या इंग्लंडमधल्या शहरात १९९१-९२ ला सुमारे साडेचौदा हजार गरोदर बायकांची नोंद केली होती, ती पोरं आता तिशी ओलांडून गेलीत आणि त्यांच्या पोरांची पण नोंद होतेय, पडलेले दुधाचे दातसुद्धा जपून ठेवलेत तिथे. अमेरिकेने एक लाख मुलांचा, पोटात असल्यापासून एकविसाव्या वर्षापर्यंतचा असा अभ्यास ठरवला होता, तो आखणीत आणि खर्चात अडकला आणि २०१४ च्या शेवटी बंद केला. म्हणजे श्रीमंत देशांना पण हे सोपं जात नाही.

आता आपल्या इकडचं बघा. रात्री अकरा-बारानंतर एमआयडीसीच्या बाजूने जो वास येतो तो कोपरखैरणे-घणसोलीवाल्यांना वेगळा सांगायला नको, खिडक्या लावून झोपतो आपण. माझ्या बालवाडीत तीन पोरांच्या दप्तरात दम्याचा पंप असतो. त्यांच्या आया मला विचारतात, बाई, हे वासामुळे आहे का, भिंतीच्या ओलीमुळे, का ठाणे-बेलापूर रोडच्या धुळीमुळे, का आमच्या घरातच आहे हे. मी काय सांगणार? मला वाटतं म्हणून सांगता येत नाही. ते कळायचं तर एमआयडीसीला लागून राहणारी पोरं आणि लांब राहणारी पोरं, दोन्हीकडची, वर्षानुवर्षं बघावी लागतील, कोण किती खोकलं, कोणाची फुंकर किती जोरात येते, घरात गॅस की चूल, घरात विडी-सिगरेट कोण ओढतं. एका पोराच्या खोकल्यावरून काहीच ठरत नाही, हजार पोरांच्या खोकल्यावरून ठरतं. आणि फक्त वैतागलेल्यांनीच नाव दिलं तरी हिशोब चुकतो, ठणठणीत पोरं पण लागतात त्यात.

तर कोणी आलं की ओळखपत्र बघा, आणि सरळ विचारा. अभ्यास कोणाचा, पैसे कोण देतंय, एथिक्स कमिटीची, म्हणजे अभ्यासात कोणावर अन्याय होत नाही ना हे आधी तपासणाऱ्या समितीची मंजुरी आहे का, ती कमिटी कुठली. औषध किंवा लस देणार आहात का नुसती मोजमापं घेणार, दोन्हींत फार फरक आहे. रक्त घेणार तर किती, आणि त्याचा रिपोर्ट आम्हाला मिळणार का, पोराला काही निघालं तर पुढे कुठे पाठवणार. नाव कोणाला दिसणार. माहितीचा कागद मराठीत मागा, हिंदी सोयीचं असेल तर हिंदीत, घरी ठेवून घ्या, रात्री घरच्यांसोबत वाचा, सही दुसऱ्या दिवशी केली तरी चालते. वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार बसवून सगळं वाचून दाखवायला लागतं, तो तुमचा हक्क आहे. मध्येच सोडायचं असेल तर सोडता येतं, कारण द्यावं लागत नाही, आणि सोडलं म्हणून दवाखान्यातले उपचार कोणी थांबवू शकत नाही. बँकेची माहिती, ओटीपी कोणी मागितला तर दार लावून घ्या, पोराच्या उंचीवजनाला ओटीपी लागत नाही.

आणि एक, जे मला स्वतःला फार आवडलं. आयसीएमआरचे, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या आपल्या सरकारी परिषदेचे २०१७ चे नियम आहेत, त्यात सात वर्षांवरच्या मुलाला त्याचं स्वतःचं विचारावं लागतं. आईबापांनी सही केली तरी पोराला समजेल अशा भाषेत सांगायचं आणि त्याची तयारी आहे का बघायचं.

त्या दोघी दिवाळीनंतर परत आल्या, त्याच फळीसकट. या वेळी तळमजल्यावरच्या आजींनी दार उघडलं आणि म्हणाल्या, बसा, पाणी घ्या, पण आधी पूर्ण वाचून दाखवा. मी पण जिन्यात येऊन उभी राहिले, हळूहळू वरच्या दोघी-तिघी आल्या. त्यातली एक मुलगी तिथेच पायरीवर बसून पानंच्या पानं वाचत होती, आजी मध्येमध्ये थांबवून हे परत सांग म्हणत होत्या, चांगला अर्धा तास गेला. सही झाल्यावर तिने आजींच्या नातवाला जवळ बोलावलं, आठ वर्षांचा आहे तो, आणि त्याला विचारलं, तुझं वजन, उंची घेऊ का, आणि बोटातून थोडंसं रक्त? तो फळीला टाचा टेकवून ताठ उभा राहिला आणि म्हणाला, हे सगळं करा, सुई नको. आजी काहीतरी बोलणार होत्या, पण त्या मुलीने हाताने थांबवलं आणि फॉर्मवर तसंच लिहून घेतलं.